उंबऱ्याबाहेरचा सवाल

माझ्या आईचे गुडघे फक्त शुक्रवारी दुखायचे. सोमवारी ती विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढायची, बुधवारी तांदळाचं पोतं एकटीने सरकवायची, पण शुक्रवारचं ऊन उतरायला लागलं की पायरीवर बसून गुडघा चोळायला सुरुवात. शनिवारी सकाळी दिघीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने आगरदांड्याला. तिथे पुढे मुरूडच्या बाजूला कुणी म्हातारा वैद्य होता म्हणे. त्याच्याकडून तेल लावून घ्यायचं, माहेरी भावाकडे जेवायचं आणि उन्हं कलली की परत. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. वैद्याला आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, तेलाचा वासही कधी आला नाही. पण जाताना तिने दोन वेळचं जेवण झाकून ठेवलेलं असलं की घरात कुणाला काही विचारावंसं वाटायचं नाही.

मी विनिता, तिची एकुलती एक लेक. बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत. कात्री बोथट असली की कापड चुरगळतं, हे त्यांनाही माहीत आहे. लग्न होऊन बोर्लीत आले तरी दिघी काही लांब नाही, त्यामुळे माहेरच्या घरात काय शिजतंय हे मला घरातल्यांच्या आधी कळतं, असा माझा समज होता. चांगला भक्कम समज होता.

आता बाबांचं सांगते. माझे बाबा दिनानाथ, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पण पंचक्रोशीत त्यांना कंडक्टर म्हणून कोण ओळखतं? ते शाहीर. आमच्याकडे पूजा असो, जत्रा असो, गणपती असो, शक्ती-तुऱ्याचा सामना हवाच. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचतात, मध्ये ढोलकी, आणि शाहीर गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात. तुरेवाले शंकराच्या बाजूचे, शक्तीवाले पार्वतीच्या. दोघांत मोठं कोण, एवढाच काय तो वाद, आणि तो अजून मिटलेला नाही. बाबा तुरेवाले, त्यांचे वडीलही तुरेवाले, आमच्या घराच्या कौलांनाही विचारलं तर तीही तुरेवालीच निघतील.

आणि बाबांना सतत हरवणारा माणूस म्हणजे माझा सख्खा मामा, शिवदास. खाडीपलीकडे नारळी-पोफळीची वाडी करतो, शक्तीवाल्यांचा शाहीर आहे. आवाज असा की जेट्टीवरच्या माणसाने हाक ऐकावी. पण डोकं? मामा माझा लाडका आहे, तरी खरं ते बोललं पाहिजे. बाजारातून मीठ आणायला पाठवला तर साखर आणतो आणि साखर का आणली हे घरच्यांनाच विचारतो. असा माणूस बाबांच्या अवघडातल्या अवघड सवालाला उभ्या उभ्या असा जबाब द्यायचा की तुरेवाले गप्प व्हायचे. बाबा घरी येऊन ओटीवर येरझाऱ्या घालायचे आणि म्हणायचे, ह्या शिवदासाच्या डोक्यात एवढं येतं कुठून? आई आतून ताक घेऊन यायची, पेला पुढे करायची आणि नेहमीसारखी गप्प. माझी आई, सोनूबाई, घरात दोनच शब्द बोलायची, व्हय आणि न्हाय. त्यातही न्हाय कमी.

बाबांची एक गोष्ट मात्र घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. त्यांना पाण्याची भीती. जन्म दिघीचा, दारात खाडी, आणि माणूस आयुष्यात एकदाही फेरीबोटीवर चढलेला नाही. पलीकडे सामना असला की ते म्हसळा, माणगाव, रोहा करत एसटीने अख्खा वळसा घालून मुरूडला पोचायचे. बाकीची पार्टी फेरीने जाऊन, आंघोळी करून, जेवून, झोप काढून तयार, तेव्हा बाबा धुळीने माखून उतरायचे. कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचे की एसटीचं मीठ खाल्लंय, दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही. लोकांना ते ऐकून भरून यायचं. आम्ही घरचे मान खाली घालून हसू दाबायचो.

तर गेल्या साली पावसाळा सरल्यावर मी एका शनिवारी मुरूडला लेस आणि अस्तराचं कापड आणायला गेले. काम लवकर उरकलं. मनात आलं, आई मामाकडेच असेल, वैद्याचं झालं असेल तर दोघी एकाच फेरीने परत जाऊ. रिक्षाने वाडीच्या तोंडाशी उतरले तर मागच्या पडवीतून ढोलकी ऐकू आली. म्हटलं, मामाची तालीम चाललीय. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, आणि तो आवाज बाईचा होता.

मी नारळाच्या झाडाआडून पाहिलं. आठ-दहा दाढीमिशीचे बाप्ये हात बांधून रांगेत उभे, आणि त्यांच्यापुढे माझी आई. पदर कमरेला खोचलेला, एक पाय पुढे, दुखऱ्या गुडघ्यावर दणादणा हात मारून ताल देतेय. ढोलकीवर गणराज म्हणून रिक्षावाला होता, त्याची एक थाप चुकली तर तिने त्याला असा झापला की त्याने दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. शिवदासमामा मधोमध, दोन्ही हातांत एकेक नारळ. मला आधी कळेना. मग कळलं, मामाला गाताना हात उडवायची खोड, म्हणून आईने त्याच्या हातात नारळ दिले होते. ती एक ओळ म्हणायची, मामा तीच ओळ म्हणायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पुढ्यात कागद नाही, वही नाही. सगळं तिच्या तोंडात. ओळ अडली की क्षणभर डोळे मिटायची आणि नवीन ओळ काढायची, तीही अशी की उभ्या पोरांच्या तोंडून आपोआप वाहवा निघायची. घरात जिच्या तोंडून दोन शब्द निघायची मारामार ती माझी आई हीच, हे मला पटायला वेळ लागला.

मग मी झाडाआडून बाहेर आले. मामाच्या हातातले दोन्ही नारळ खाली पडले. आईने मात्र माझ्याकडे पाहिलं, पदर सोडला, पुन्हा डोक्यावर घेतला आणि म्हणाली, जेवलीस काय?

मला राग आला होता, तो सांगते. फसवल्याचा राग. वैद्य काय, तेल काय, आणि मी मूर्खासारखी तिच्यासाठी दर महिन्याला गरम पट्टे आणून देतेय, एकदा तर गुडघ्याला बांधायचा पट्टा स्वतः शिवून दिलेला. परतीच्या फेरीत मी तिला कठड्याशी गाठली आणि जे तोंडाला आलं ते बोलले. आई पाण्याकडे बघत सगळं ऐकून घेत होती. मग तिने एकदाच, सलग, मला सगळं सांगितलं. एवढं सलग ती माझ्याशी त्याआधी कधीच बोलली नव्हती.

तिचा बाप भागोजी, म्हणजे माझा आजोबा, शक्तीवाल्यांचा मोठा गुरू. त्याने शिवदासाला शिकवायला घेतलं आणि बाजूला भात कांडता कांडता शिकली ती आई. बापाच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने हिलाही समोर बसवलं. पुढे लग्न ठरलं ते नेमकं तुरेवाल्याच्या घरात. लग्नाच्या मांडवात माझ्या दुसऱ्या आजोबांनी, बाबांच्या वडिलांनी, सगळ्यांदेखत एकच अट घातली, की आमच्या उंबऱ्याच्या आत शक्तीचं गाणं होता कामा नये. आईने मान हलवली. बाबांनीही वडिलांना शब्द दिला. त्या दिवसापासून तिने उंबऱ्याच्या आत एक ओळ गुणगुणली नाही. मला पाळण्यात घातलं तेव्हाही अंगाई गायली नाही, कारण तिला येणारी अंगाई शक्तीची होती. हे ऐकून माझा राग जरा खाली बसला.

भागोजी गेला, पार्टी शिवदासाच्या गळ्यात पडली, आणि मामा रडत बहिणीकडे आला की मला काही सुचत नाही. तेव्हापासून तिचे गुडघे दुखायला लागले.

मी तिला विचारलं, बाबांना कळलं तर? ती म्हणाली, मी शब्द मोडलेला न्हाय. उंबऱ्याच्या आत कवा गायले काय? सांग. वकिलालाही सुचणार नाही असं ती शांतपणे बोलली. मग मला तंबी दिली की तोंड उघडशील तर बघ. मी तोंड बंद ठेवलं, ते किती अवघड गेलं हे माझा नवरा दिपेश सांगेल.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण खरा घोळ इथे सुरू होतो. दिवाळीनंतर बाबांचा घसा बसायला लागला. वरची पट्टी लागेना. पार्टीतली पोरं मागे कुजबुजायला लागली. आणि एक दिवस बाबांनी देवळापुढच्या पारावर, सगळ्यांसमोर जाहीर केलं की येत्या पूजेचा शिवदासाबरोबरचा सामना फेट्याचा.

फेट्याचा सामना म्हणजे काय, तर आमच्या पट्ट्यातली जुनी रीत. हरणाऱ्याने आपला फेटा उतरवून जिंकणाऱ्याच्या ढोलकीवर ठेवायचा. ठेवला की संपलं, त्याने पुन्हा गायचं नाही. एकच वाट उरते. जिंकणाऱ्याला वाटलं तर तो फेटा परत करू शकतो, पण त्याबदली एक काम सांगून, आणि ते काम पुरं केल्याशिवाय हरलेल्याला गाता येत नाही. भागोजीआजोबाने म्हणे एकदा एका तुरेवाल्याला लग्नातल्या कपड्यांत, मुंडावळ्यांसकट, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घालायला लावली होती. भर समुद्राच्या वाऱ्यात. तो माणूस नंतर दहापट चांगला गायला लागला, असं जुनी माणसं सांगतात.

मी पुढच्याच शनिवारी दुकान बंद करून आईबरोबर फेरीत चढले आणि तिला सरळ म्हटलं, आये, ह्या वेळी हर. एकदा हर. मामाला एखादी ओळ चुकीची शिकव, त्याला तशीही चुकायची सवय आहे, कुणाला संशय येणार नाही. बाबांचं गाणं गेलं तर बाबा गेले. निवृत्त माणूस ओटीवर बसून करणार काय, रस्त्यावरच्या एसट्या मोजणार?

आईने वाऱ्याने उडणारा पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मी हरले तर त्याला लगेच कळंल, गो. मुद्दाम सोडलेलं गाणं वळखता येतं. आनी जिंकले तर तो थांबंल. तो थांबला तर मी कुनासाठी रचायचं? बाकीच्या तुरेवाल्यांना माझा सवाल कळतोय तरी कुठं?"

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आईला रडताना पाहिलं ते तेव्हाच. मला कळलं की नवरा हरण्याची तिला भीती नव्हती, तो थांबण्याची होती. खाडीपलीकडे जे चालायचं ते सगळं ह्याच एका माणसासाठी होतं, आणि त्याच माणसाला ते सांगायची सोय नव्हती. मला दोघांचाही इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी बोटीवरच्या चहावाल्याकडून घेतलेला कप न पिताच परत केला.

पूजेचा दिवस आला. हल्ली रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून सामना दुपारचं जेवण आटोपलं की सुरू. देवळापुढे ताडपत्री बांधलेली, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका. आई दरवर्षीप्रमाणे बायकांत पुढच्या ओळीत, तुरेवाल्याची बायको म्हणून, मांडीवर अडकित्ता आणि सुपारी. सुपारी इतकी बारीक कातरत होती की तिचं पीठ व्हायचं बाकी होतं. मी तिला चिकटून बसले.

गण झाला, गवळण झाली, टोमणे झाले. बाबा नवीन फेट्यात, मीच बांधून दिला होता, मोरपंखी रंगाचा. घसा बसलेला होता, पण त्या दिवशी माणूस बसक्या आवाजातच असा गायला की वरच्या पट्टीची आठवण होऊ नये. मामाही हात न उडवता गात होता. सवालाला जबाब, जबाबाला सवाल, उन्हं उतरली तरी कुणी मागे हटेना. मी सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते, पण नेमकं काय मागायचं तेच मला ठरवता येत नव्हतं.

आणि मग बाबा शेवटच्या सवालाला उभे राहिले. त्यांनी पुराण सोडलं. शंकर सोडला, पार्वती सोडली. त्यांनी छाप मागितली.

हे कळायला हवं म्हणून सांगते. आमच्याकडे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत आधी गुरूचं नाव येतं, मग रचणाऱ्याचं. ही छाप. दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव घालणं म्हणजे चोरी, शाहिरीत त्याहून मोठं पाप नाही. मामाच्या गाण्यांत इतकी वर्षं फक्त गुरूचं नाव यायचं, भागोजीचं, आणि पुढे काही नाही. आईने आपलं नाव घातलं नाही आणि भावाचं घालू दिलं नाही. लोकांना वाटायचं मामाचा नम्रपणा. पण समोरच्याने भर सामन्यात छाप मागितली तर ढोलकीवर हात ठेवून, गुरूची शपथ घेऊन, रचणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्याची हार, सांगितलं तर मागणाऱ्याची.

बाबा गायले,

"गुरूचं नाव ऐकलं शाहिरा, गुरूला माझा रामराम,
छाप कुणाची सांग गाण्याला, कुणाच्या मुखीचं हे काम?"

मामाचा चेहरा पांढरा पडला. नुसतं "माझं" म्हणाला असता तर सुटला असता. त्याने हात ढोलकीकडे नेला. ढोलकीवर गणराज, तोही थिजलेला, हाताने नुसता ठेका धरून. मामाचा हात ढोलकीवर आला आणि तसाच वर थांबला, आणि मग त्याने तो मागे घेतला. माझा मामा साखर-मिठात गोंधळेल, पण बापाची खोटी शपथ घेणार नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. म्हटलं, सुटलो. मामा गप्प राहिला की तो हरला, बाबा जिंकले, बाबांचं गाणं राहिलं, आईचं गुपितही राहिलं, आणि आईला हरावंही लागलं नाही. यापेक्षा चांगलं काय होणार होतं? मी आईचा हात घट्ट धरला आणि कानात म्हटलं, गप बस, फक्त गप बस. गप बसण्यात तिचा हात कोण धरणार होतं?

ठेका चालूच होता. तुरेवाली पोरं शिट्ट्या मारायला लागली होती. तेवढ्यात बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मामाकडे पाठ फिरवली. बायकांकडे तोंड करून त्यांनी आणखी एक ओळ गायली, सावकाश, बसक्या गळ्याने.

"उंबऱ्याबाहेर आलो मी आज, उंबऱ्याबाहेर माझा सवाल,
उंबऱ्याबाहेर जबाब दे तू, शब्द कुणाचा नाही मोडणार."

 आईने आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला. अडकित्ता माझ्या मांडीवर ठेवला, लुगड्यावरचा सुपारीचा चुरा झटकला आणि गुडघ्याला हात न लावता ताडकन उभी राहिली. बाजूची भिमाबाईकाकू म्हणाली, अगो सोनू, पाय बरा झाला काय? आई तोपर्यंत बायकांतून वाट काढत ढोलकीपर्यंत पोचली होती. तिने ढोलकीवर हात ठेवला, गणराजकडे पाहिलं, आणि गणराजने अशी थाप मारली की त्याला पुन्हा कान धरायची वेळ आली नसती.

"उंबऱ्याआत मी पाळला शब्द, खाडीपल्याड धरला ताल,
भागोजी गुरू, सोनूची छाप, घे जबाब अन् दे सवाल."

एवढंच. दोन ओळी. आवाज कापला नाही, उलट शेवटच्या शब्दावर तिने जी तान घेतली ती देवळाच्या मागच्या वाडीत गुरं राखणाऱ्यांनीही ऐकली असणार.  मग आधी बायका ओरडल्या. मी तर उभी राहून रडत होते आणि शिट्टीही मारत होते. माझ्या दुकानात येणाऱ्या बायका अजून त्याची आठवण काढतात.

बाबा पुढे आले. फेटा उतरवला. विस्कटलेले पांढरे केस, तोंडावर घाम, आणि तोंड असं हसरं की जिंकलेल्याचंही तसं नसतं. त्यांनी फेटा दोन्ही हातांनी ढोलकीवर ठेवला. तुरेवाल्यांतला कुणी मागून चेष्टेने म्हणाला, बुवा, बायकोनेच हरवलान की. बाबा वळून म्हणाले, तुझ्या घरात हाय काय अशी? तो बिचारा बायकांच्या बाजूला बघून खाली बसला.

मला मात्र राहवेना. मी तशीच पुढे घुसले आणि बाबांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? बाबा म्हणाले, पहिल्याच साली. शिवदासाला मी काय आज ओळखतो? आणि छाप नसलेलं गाणं ऐकलं की रचणारा कुठेतरी लपलाय हे तुरेवाल्याच्या पोरालाही कळतं. म्हणजे आईच्या गुडघ्यांचंही त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं शुक्रवारी संध्याकाळी ते तिला मुद्दाम विचारायचे, काय गो, दुखतंय काय, उद्या जाऊन ये. घरात मीच एक स्वतःला हुशार समजत होते आणि सगळ्यात शेवटी मलाच कळलं होतं.

आई त्यांच्याकडे बघत उभी होती. तिने हळूच विचारलं, "मंग कवा बोललास का न्हाय?"

"बोललो आसतो तर तू थांबली आसतीस," बाबा म्हणाले. "मंग मी कुनापुढं गायचं?"

फेरीबोटीवर आईने मला जे सांगितलं होतं तेच हे. शब्द थोडे इकडचे तिकडे. दोघांनी ते एकमेकांना सोडून सगळ्या जगाला सांगितलं असतं. मला आईबापांचा एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असंही कधी इतकं वाटलं नव्हतं.

बाबांनी मग सगळ्यांना सांगितलं की घसा साथ देत नाही, थांबायचंच होतं, पण थांबायचं तर नाव असलेल्या माणसाकडून हरून थांबायचं, निनावी नाही. म्हणून फेट्याचा सामना लावला. लोक चुकचुकले. बाबांनी हात जोडले आणि निघायला वळले.

आईने मागून फेटा उचलला. लोकांना वाटलं, घरी न्यायला घेतला. पण तिने तो ढोलकीवर ठोकून झटकला, आणि घरात व्हय-न्हाय करणारी ती बाई सगळ्या गावासमोर खणखणीत बोलली, की फेटा परत, काम सांगते. गाव थांबलं. बाबाही थांबले.

आई म्हणाली, "येत्या शनिवारी माझ्याबरुबर माहेरी यायचं. फेरीनं."

गावाला त्यात काय अवघड ते कळेना. एवढंच? प्रदक्षिणा नाही, मुंडावळ्या नाहीत? कुणीतरी म्हणालं, अरे, एसटीचं मीठ खाल्लंय ना बुवांनी, तेच मोडायला लावलं. सगळे हसले. बाबांचा चेहरा मात्र असा झाला की मला धावत जाऊन पाणी द्यावं लागलं. आईने त्यांचं गुपित फोडलं नाही, आणि सोडलंही नाही.

शनिवारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि दिघीला आले. हे चुकवणारी मी नव्हे. बाबा जेट्टीवर इस्त्रीच्या सदऱ्यात, मोरपंखी फेट्यात. आईने त्यांचा दंड धरला आणि चढवलं. बोट सुटली तशी बाबांनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने आईचा पदर, आणि डोळे गच्च मिटून घेतले. बाजूला पर्यटकांच्या गाड्या, पोरं फोटो काढतायत, आणि माझा बाप देवाचं नाव घेतोय. बोट जरा हलली की विचारायचा, किती राहिलं? आई म्हणायची, आताशी सुटलोय. पुन्हा विचारलं, किती राहिलं? तेव्हा आईने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एक ओळ टाकली, सवालाची, शक्तीची. ती उत्तर मागणारी ओळ होती, आणि माझ्या बापाला सवाल टाकला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. त्यांनी घसा खाकरला. पहिली ओळ कापरी निघाली, दुसरी सरळ. तिसऱ्या ओळीला बोटीवरची माणसं गोळा झाली. आई कठड्यावर ताल देत होती.

बोट आगरदांड्याला लागली, फळी पडली, गाड्या उतरायला लागल्या. बाबा डोळे मिटून गातच होते. पोचलो हे आईने त्यांना सांगितलं नाही. आधी कडवं पुरं होऊ दिलं.